एका शब्दाला तीन साक्षी

९ फेब्रुवारी

बाईंनी ही वही पाठवली. सोबत निरोप, की पडल्या पडल्या काहीतरी लिही, नाहीतर औषधांच्या वेष्टनांवरच्या शुद्धलेखनाच्या चुका काढत बसशील. बाई आमच्या इंग्रजी-मराठी कोशाच्या प्रमुख संपादक. माझी जवळजवळ सगळी नोकरी त्यांच्या हाताखाली गेली, त्यामुळे त्या मला बरोबर ओळखतात. वेष्टनांवरच्या चुका आधीच काढून झाल्या होत्या.

तर, नोंद करतो. मंगळवारी सकाळी दाढी करताना पडलो. शुद्धीवर आलो तो या खाटेवर. डॉक्टर म्हणतात, मेंदूच्या उजव्या बाजूचा रक्तपुरवठा अडला, पक्षाघाताचा झटका आहे, डावा हात आणि डावा पाय गेला आहे. यातल्या पहिल्या भागाबद्दल मी वाद घालणार नाही, मेंदू काही मी उघडून पाहिलेला नाही. दुसरा भाग चूक आहे. हात-पाय माझे आहेत. ते गेले असते तर सगळ्यांच्या आधी मला कळलं असतं.

आज त्यांनी दोन्ही हात वर करायला सांगितले. केले. टाळी वाजवायला सांगितली. वाजवली. आवाज आला का, असं विचारलं. मी म्हटलं, या वॉर्डात एवढा गोंगाट आहे, टाळी कुठली ऐकू येतेय. त्यांनी कागदावर काहीतरी टिपलं. त्यांच्याबरोबरच्या शिकाऊ डॉक्टरणीने मात्र माझ्याकडे असं पाहिलं की मला तिचीच कीव आली. दमली असेल.

११ फेब्रुवारी

बायको अजून भेटायला आलेली नाही. हे लिहिणं मला आवडत नाही, म्हणून जपून लिहितो. अधूनमधून तिच्या आवाजाचा भास होतो. ‘पाणी हवंय?’ असं ऐकू येतं, आणि ग्लास तोंडाशी येतोही, पण तो नर्सच धरत असणार.

मुलगी येते. पायाशी, उजवीकडे, खुर्ची घेऊन बसते. तिला विचारलं, तुझी आई कुठे आहे? ती माझ्या खांद्याच्या पलीकडे कुठेतरी बघत राहिली आणि एकदम रडायला लागली. दोघींचं काहीतरी बिनसलेलं दिसतंय. मी घरात नसलो की यांचं असंच होतं.

जेवण अर्धंच देतात. ताटाची एक बाजू भरलेली, तेवढी संपली की संपलं. तक्रार केली तर कुणीतरी ताट नुसतं फिरवून ठेवलं, आणि पाहतो तर वाढलेलं. म्हणजे तक्रार केल्याशिवाय पूर्ण वाढायचं नाही, असा इथला कारभार. वर्तमानपत्राचीही तीच गत. संपादन किती खालावलंय, बातम्यांची वाक्यं मधूनच सुरू होतात. आरंभ म्हणून नाहीच.

१३ फेब्रुवारी

बायको आली. दारातून आत येताना मी स्वतः पाहिली. मनात साठलेलं सगळं बोलून टाकलं. ती शांतपणे म्हणाली, “मी रोज इथेच असते रे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. तुझ्या या बाजूला.” मी मान्य केलं नाही, पण वाढवलंही नाही. तिचे डोळे सुजले होते.

दुपारी जाग आली तेव्हा माझ्या पोटावर तिचा हात होता. थंड आणि जड. बसल्या बसल्या झोप लागली असेल तिला. मी तो हातात घेतला आणि बराच वेळ तसाच पडून राहिलो. सकाळी बोललो त्याची लाज वाटली. तिच्या बोटात माझी अंगठी होती. इस्पितळात वस्तू जातात, म्हणून तिने माझ्या बोटातली काढून घातली असणार. शहाणी आहे.

तेवढ्यात ती औषधं घेऊन दारातून आत आली.

मी हात सोडून दिला. हे कसं, ते मला जुळवता आलेलं नाही. अर्धवट झोपेत होतो, असं तूर्त धरतो.

१४ फेब्रुवारी

आज फार दिवसांनी बरं वाटलं. नवा शब्द मिळाला.

डॉक्टर दाराशी उभे राहून माझ्या बायकोशी बोलत होते. एक शब्द स्पष्ट ऐकू आला: ॲनोसॉग्नोसिया. त्यांना परत बोलावलं, तो कसा लिहितात ते विचारलं. त्यांनी जरा थांबून, एकेक अक्षर सांगितलं. आमच्या कोशात हा शब्द नाही. पहिला खंड छापला तेव्हा आम्ही वैद्यकातले शब्द मोजून मापून घेतले होते. पण आता पुरवणी निघते आहे, तिच्यात जाऊ शकतो.

फोड ग्रीक आहे. ‘अ’ म्हणजे नाही, ‘नोसोस’ म्हणजे रोग, ‘ग्नोसिस’ म्हणजे ज्ञान. रोगाचं अज्ञान. डॉक्टर म्हणाले, काही माणसांना आपलं अंग लुळं पडलं आहे हेच कळत नाही. लपवत नाहीत, खोटं बोलत नाहीत. मेंदूतली जी जागा हे कळवते तीच गेलेली असते. मी विचारलं, म्हणजे दिवा गेला आहे हे दाखवणारा दिवाही गेला? ते म्हणाले, हो, तसंच काहीसं. बायको खिडकीकडे तोंड करून उभी होती.

हे माझ्या उजवीकडच्या खाटेवरच्या गृहस्थांबद्दल चाललं असणार. निवृत्त हेडमास्तर आहेत, मांडीचं हाड मोडलंय आणि शनिवारी घरी जाणार म्हणून सगळ्यांना सांगत असतात. बिचारे. त्यांच्याशी आता जास्त मायेने बोललं पाहिजे.

बाईंना मजकूर कळवला. त्यांचं उत्तर अपेक्षेप्रमाणे: ‘व्याख्या नंतर. आधी साक्षी.’ आमच्याकडे कुठलाही शब्द संपादकाच्या मतावर आत येत नाही. तीन साक्षी लागतात, म्हणजे वापराचे तीन लेखी दाखले, तीन वेगवेगळ्या माणसांचे, आणि त्यांनी एकमेकांकडून उचललेलं असता कामा नये. मी नवा होतो तेव्हा एकदा ‘मला असं वाटतं’ अशी सुरुवात केली होती. बाई म्हणाल्या होत्या, “तुला वाटतं ते घरी सांग, बायको ऐकून घेईल. इथे साक्ष आण.” कचेरीत अजून ते वाक्य मला ऐकवतात.

२० फेब्रुवारी

घरी आलो. हेडमास्तर आमच्या आधी गेले, शनिवारीच, कुबड्यांवर. जाताना माझा फोन नंबर घेतला. मग डॉक्टर तेव्हा कुणाबद्दल बोलत होते, हे विचारायचं राहून गेलं.

मला चाकांच्या खुर्चीतून आणलं. इस्पितळाचा नियम असतो तसा. पण घरातही तीच खुर्ची, हे अति झालं. मी म्हणतो, मला चालता येतं. दोघी म्हणतात, उद्या बघू. लहान मुलाला सांगतात तसं.

मुलीला दूरच्या शहरात नोकरी लागली आहे. पहिल्या तारखेला रुजू व्हायचं. मी म्हटलं, बेलाशक जा, इकडची काळजी नको, मी आहे ना. तिने वहीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, “बाबा, पानाच्या अर्ध्याच भागात का लिहितोस?”

मी सांगितलं की समास मोठा सोडायची कोशातली सवय आहे, दुरुस्त्यांना जागा लागते.

“एवढा?”

मग ती खाली बसली, खुर्चीच्या दांड्याला धरून, आणि म्हणाली, “बाबा, तो शब्द तुझ्याबद्दल होता.”

मी तिच्यावर रागावलो नाही. प्रश्न तपासून पाहिला, अगदी प्रामाणिकपणे. हाताकडे लक्ष दिलं. हात ठीक वाटला. पायाकडे दिलं. तोही ठीक. स्वतःला विचारलं, तू नाकारतो आहेस का? तर, नाकारणाऱ्याला आत कुठेतरी सल असतो. मला तो नाही. तसं तिला समजावून सांगितलं. तिने वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली.

२३ फेब्रुवारी

वाईट दिवस.

सकाळी आपल्या कोशाचा पहिला खंड हवा होता. कपाट समोरच, चार पावलांवर. कुणाला कशाला त्रास, म्हणून उठलो. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, “उठू नकोस, थांब,” आणि धावत आली. तिने मला धरलं, त्यामुळे माझा तोल गेला आणि आम्ही दोघं पडलो. मी तिच्या अंगावर. तिचं मनगट माझ्याखाली आलं.

आवाज आला. तो मला ऐकू आला.

तिने धरलं नसतं तर हे झालं नसतं, असं मी मुलीला सांगितलं. आता लिहिताना अडतोय. ‘तिने धरलं’ आणि ‘मी पडलो’ यांतलं आधी कुठलं? मला आठवतं ते असं, की मी उभा होतो आणि मग नव्हतो. मधलं वाक्य हरवलंय. असं वाक्य कुणी माझ्यासमोर ठेवलं असतं तर मी ते साक्ष म्हणून धरलं नसतं.

२४ फेब्रुवारी

मनगटाची दोन्ही हाडं मोडली आहेत. प्लास्टर कोपरापर्यंत. तिला पोळी लाटता येत नाही, केस बांधता येत नाहीत. मुलगी बांधून देते. मी म्हटलं, चला, आता या घरात एका हाताचं माणूस तू झालीस, मी तुझी सेवा करतो. विनोद होता. ती हसली, आणि मग हसता हसता तिचा चेहरा असा काही मोडला की मी दुसरीकडे पाहिलं.

मुलीने नोकरीच्या ठिकाणी फोन करून पहिल्या तारखेला येता येणार नाही असं सांगितलं. ते म्हणाले, पंधरवडाभर थांबतो, पुढे जमणार नाही. मी विचारलं, अगं कशासाठी थांबतेस, मी आहे ना.

ती उठून बाहेर गेली. मला उचलायला दोन धडधाकट माणसं लागतात असं तिच्या आईला बाहेर सांगताना मात्र ऐकू आलं. दोन माणसं. मला. मी इतका जड कधी झालो?

२७ फेब्रुवारी

बाई आल्या. वयाला न शोभणाऱ्या वेगाने जिना चढल्या असं मुलगी म्हणाली. साक्षी घेऊन आल्या होत्या, तीन देशांतल्या तीन वैद्यांच्या लिखाणातल्या, तिघांचा एकमेकांशी संबंध नाही. मला वाचताना हल्ली आरंभ सापडत नाहीत, म्हणून त्यांनीच मोठ्याने वाचून मराठी केलं. एका रुग्णाला वाटायचं की आपल्याला फक्त सांधेदुखी आहे. दुसरा म्हणायचा, मी टाळी वाजवली. तिसरी एक बाई, तिला अंथरुणात एक हात सापडायचा आणि ती म्हणायची, हा माझ्या बहिणीचा.

मी तिसरी साक्ष पुन्हा वाचायला सांगितली.

“का?” बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, वाक्यरचना पाहायची होती. हे खरं नव्हतं. वहीत खोटं लिहायचं नाही म्हणून लिहितो: मला अंगठी आठवली होती.

मग त्या उठल्या आणि दिसेनाशा झाल्या. मला वाटलं, गेल्या. निरोपही न घेता, म्हणून राग आला. मी बायकोला हाक मारून म्हटलंही, की बाई आता फारच तुसड्या झाल्या.

“तुझ्या डाव्या हाताला बसलेय, गाढवा,” बाईंचा आवाज आला. “आणि तो हात माझ्या हातात आहे. मघापासून.”

मला हातात हात जाणवत नव्हता. तसं म्हटलं.

“जाणवत नाही ते मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “तू कामाची रीत विसरलास का? तुला काय वाटतं ते मी कधी विचारलंय का?”

१ मार्च

काल दिवसभर विचार केला. बाईंची रीत इथे लावायला हरकत काय? विधान: ‘माझा डावा हात आणि डावा पाय हलत नाही, आणि मला ते कळत नाही.’ माझं स्वतःचं मत बाजूला. संपादकाचं मत साक्षीत धरत नाहीत. तीन साक्षी हव्यात, एकमेकांपासून सुट्या.

बायको म्हणाली, “मी आहे की. पहिल्या दिवसापासून सांगतेय.”

मी तिला समजावलं की ती आणि मुलगी एका घरात राहतात, एकमेकींशी बोलतात, त्यामुळे दोघींची साक्ष सुटी मानता येणार नाही. शिवाय डॉक्टरांचं ऐकून बोलतात.

“म्हणजे माझी साक्ष धरत नाहीस.”

नियम आहे, मी म्हटलं. तिने प्लास्टरचा हात दुसऱ्या हाताने उचलून छातीशी धरला आणि आत गेली. मला वाटतं, माझं चुकलं. पण कुठे, ते अजून नीट दाखवता येत नाही.

बाईंची एक साक्ष झाली. दुसरी व्यायाम घेणाऱ्या तरुणाची. आज पहिल्यांदाच आला, घरातल्या कुणाशी बोलायच्या आत मी त्याला गाठलं. पाहून सांगा म्हटलं. त्याने बराच वेळ पाहिलं आणि सरळ सांगितलं, “काका, डावी बाजू अजिबात हलत नाहीये. आणि तुम्ही तिकडे बघतच नाही.” त्याने खाटेच्या डाव्या कडेला एक लाल पट्टी चिकटवली. दर थोड्या वेळाने मान वळवायची, लाल दिसेपर्यंत वळवायची. करून पाहिलं. वळवत गेलो, वळवत गेलो, खोली संपली असं वाटलं तरी वळवली. पट्टी दिसली. तिच्या अलीकडे चादरीवर एक हात पडला होता.

तिसरी साक्ष मागावी लागली नाही. दुपारी हेडमास्तरांचा फोन आला. चौकशीचा. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. स्वतःच्या पायाचं सांगून झाल्यावर म्हणाले, “तुमच्या मिसेस कशा आहेत? त्यांचं मला फार कौतुक वाटायचं. दिवसभर तुमच्या पलीकडे स्टुलावर बसायच्या, तुमचा हात चोळत. तुम्ही त्यांच्यादेखत विचारायचात, माझी बायको का येत नाही? आणि त्या नुसत्या म्हणायच्या, येईल हं.”

मी हो हो म्हटलं. फोन ठेवला.

येईल हं.

२ मार्च

नोंद पुरी करतो. बाईंना पाठवायची.

ॲनोसॉग्नोसिया: नाम. मेंदूला इजा झाल्यामुळे आपल्या शरीराचा एखादा भाग निकामी झाला आहे याची रुग्णाला जाणच नसणे. वापर: वैद्यकात. टीप: ‘नाकारणे’ या अर्थी वापरू नये. जो नाकारतो त्याला आत कुठेतरी माहीत असतं.

उदाहरणाच्या जागी संपादकाचं वाक्य चालत नाही. तरी एक लिहून ठेवतो, बाईंनी हवं तर काढावं: ‘त्याला ॲनोसॉग्नोसिया होता, त्याची बायको रोज त्याच्या शेजारी बसत असे आणि तो तिची वाट पाहत असे.’

आता खरी अडचण. साक्षी पुऱ्या झाल्या, विधान सिद्ध झालं, मी ते मान्य करतो. पण डोळे मिटले की हात ठीक आहे, पाय ठीक आहे, कपाट चार पावलांवर आहे. कालही पट्टीपाशी तो हात पाहिला, तो माझा आहे हे मान्य केलं, मान सरळ केली आणि थोड्याच वेळात पाणी आणायला उठायला निघालो होतो. मुलगी दारात होती म्हणून. सिद्ध झालेलं माझ्याकडे टिकत नाही. उद्या सकाळी ते नसेल.

म्हणून हे पान फाडून उशाशी, उजवीकडे ठेवतोय, जिथे मला दिसतं. उद्या सकाळी वाचणाऱ्याला: तुला बरं वाटत असेल. वाटणं इथे धरत नाहीत. तू उठलास तर पडशील, आणि ती तुला धरायला येईल, तिचा एकच हात उरलाय. मुलगी जायची आहे, तिला जाऊ दे. उठू नकोस. हाक मार.

बायकोला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, “एवढं सगळं लिहिण्यापेक्षा माझं ऐकलं असतंस तर.” मग म्हणाली, “ठेव. असू दे.”

३ मार्च

सकाळी उशाशी एक पान होतं. अक्षर माझं. व्याख्या बरोबर आहे, टीपही. उदाहरण लांबलंय.

त्या उदाहरणातल्या माणसाबद्दल वाईट वाटलं. मला स्वतःला काहीही झालेलं नाही. खिडकी उघडायची होती, उठणार होतो. पान पुन्हा वाचलं. पटलं नाही.

हाक मारली.

“इथेच आहे मी,” ती म्हणाली.

खोलीत कुणी नव्हतं. मान वळवत गेलो, खोली संपली तरी वळवली, लाल पट्टीपर्यंत. तिथे ती होती, प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून, दुसऱ्या हातात कुणाचा तरी हात धरून.